सोलून खायचं तेवढंच

सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. कोणाशी तरी जुनं भांडण उकरून काढावं तसा तो गल्लीतल्या पत्र्यांवर आदळत होता. धुळीनं डोळे उघडवत नव्हते. बाईंनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून इंजेक्शनं, कापूस, थर्मामीटर आणि रक्तदाबाचं यंत्र पिशवीत कोंबलं, गणवेशावर विटका स्वेटर चढवला आणि त्या निघाल्या.

वस्तीत त्यांना सगळे सुईवाली म्हणत. अर्धं आयुष्य मनोरुग्णांच्या कुलूपबंद वॉर्डात गेलं होतं, आता ड्यूटी घरोघरची. वॉर्डातून घरी सोडलेली माणसं जेवतात का, झोपतात का, गोळ्या घेतात का ते बघायचं आणि घरच्यांना झेपेनासं झालं की गाडी बोलवायची. त्या गाडीमुळेच सुईवाली गल्लीत शिरली की खिडक्या लागत. नवरा म्हणायचा, "गावभराच्या डोक्याचा ताप गोळा करून आणतेस आणि काढतेस माझ्यावर." बाई म्हणायच्या, "मग काय, दुसरं गिऱ्हाईक शोधू?" जीभ तिखट होतीच. वॉर्डानं तिला आणखी धार लावली होती.

पहिलं घर वरच्या मजल्यावरचं. तिथल्या भावानं काल संध्याकाळपासून फोन करकरून डोकं उठवलं होतं. त्याची थोरली बहीण लग्न न झालेली, शिवणकाम करणारी. तिला घरात आणि गल्लीत सगळे आत्याच म्हणत. आत्यानं जेवण सोडलं होतं. जेवणात विष आहे म्हणत होती. काल तिनं भरलं ताट वहिनीच्या कपाळावर फेकून मारलं होतं.

भावानं दार उघडलं, पण वाट सोडली नाही.

"गाडी कुठंय?"

"आधी बघते, मग गाडी."

"बघायचं काय राहिलंय? बायकोचं कपाळ बघा! टाके पडलेत!"

"कपाळ बघते, बहीणही बघते. बाजूला व्हाल का दादा, की तुम्हालाच तपासू?"

तो बाजूला झाला. मनात शिव्या देत होता, ते तोंडावर दिसत होतं.

कुठल्याही घरात गेल्यावर बाई पेशंटकडे आधी जात नसत. हात धुवायचे म्हणून मोरीकडे जायच्या आणि जाता जाता कचऱ्याच्या डब्यात डोकावायच्या. माणसं सांगताना काहीबाही सांगतात, पण डब्यात जे असतं ते असतं. आज डब्यात अंड्यांची टरफलं होती, केळ्यांची आणि संत्र्यांची सालं होती. बिस्किटांच्या पुड्याचा कागद होता.

"हे कोण खातं?"

"तीच," वहिनी ओट्यापाशी उभी होती. कपाळावर पट्टी, डोळे जागरणानं तांबारलेले. "आमचं अन्न विष, आणि अंडी मात्र चालतात महाराणीला. स्वतः उकडते, स्वतः सोलते. पाणीसुद्धा नळाला तोंड लावून पिते."

बाई थबकल्या. जिला विषाचं भय आहे ती खातेय, पण जे सोलून खाता येईल, ज्याचा पुडा स्वतःच्या हातानं फोडता येईल, तेवढंच. ज्यात दुसऱ्याला काही कालवता येणार नाही, तेवढंच. त्यांनी ओट्यावर नजर फिरवली. कोपऱ्यात छोटा खलबत्ता पालथा घातला होता. त्यांनी तो उचलला, आतून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. कडूजहर.

"वहिनी, गोळ्या कुटून घालता जेवणात?"

वारा खिडकी बडवत होता.

"घालते," वहिनी म्हणाली. आवाजात शरम नव्हती, राग होता. "हातात दिली की थुंकते. मग भाजीत घातली. ताट अर्धवट परत आलं की पुन्हा दुधात घालायचे."

"म्हणजे कधी दोनदाही गेली असेल?"

"गेली असेल! मी काय तराजू घेऊन बसते? तुम्हीच म्हणाला होतात ना या दारात उभ्या राहून, कसंही करून गोळी पोटात गेली पाहिजे? केलं कसंही करून! आता मलाच विचारताय?"

बाईंच्या कानशिलाला झणका बसला. त्या तसं म्हणाल्या होत्या. घाईत, चपला घालता घालता. शंभर घरांत म्हटलं असेल.

"म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "आता नाही म्हणतेय. पुन्हा अन्नात काही घालायचं नाही."

"वा! तुम्ही तासभर येता आणि शहाण्या होऊन जाता. रात्रभर तिची बडबड ऐकायला कान माझेच."

बाई आतल्या खोलीत गेल्या.

आत्या शिवणाच्या मशीनमागे पाठ भिंतीला लावून बसली होती. मांडीवर कापडाची मोठी कात्री.

"आलीस सुईवाले? गाडी खाली उभी केलीस की गल्लीच्या तोंडाशी?"

"पायी आलेय. ताई, कानात कोणी बोलतं अजून?"

"बोलतात की. पण ते स्वयंपाक नाही करत."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. "जेवणात काय असतं?"

"कडू. मी सांगते तर म्हणतात वेड वाढलं. तुझ्या गोळीनं हात असे होतात, बघ!" तिनं सुई आणि दोरा उचलला. बोटं थरथरत होती. दोरा नेढ्याच्या आजूबाजूला नाचत राहिला, आत जाईना. तिनं तो बाईंच्या अंगावर भिरकावला. "शिवणारणीचे हात काढून घेतलेत आणि वर म्हणता बरी झालीस."

बाईंनी तिचा हात कोपरात वाकवून पाहिला. गंजलेल्या बिजागरीसारखा तो अडकत अडकत वाकला. ताप नव्हता. जीभ ओली होती, नाडी ठीक होती. त्यांनी तिथंच उभ्या राहून डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. खलबत्त्याचंही सांगितलं, आणि तो सल्ला आपलाच होता हेही.

"दाखल करायचं?" डॉक्टरांनी विचारलं. "समोर तुम्ही आहात."

दारात भाऊ होता, त्याच्यामागे वहिनीची पट्टी. बाईंच्या डोळ्यांपुढे ताट होतं. उद्या ताटाऐवजी कात्री आली तर? गाडी बोलावली तर हिला उचलून न्यावं लागेल. चार माणसं धरतील, आणि आपलं खरं होतं तरी आपल्यालाच नेलं, हे ती मरेपर्यंत विसरणार नाही. पुन्हा कोणाच्या हातची गोळी घेणार नाही.

"आज नको," बाई म्हणाल्या.

"मग आज गोळी देऊच नका. उद्यापासून अर्धी. परवा इकडे आणा. ताप आला किंवा आणखी आखडली तर लगेच."

भाऊ सगळं ऐकत होता. "नेणार नाही? हिनं बायकोचा जीव घेतला मग?"

"सांगते ते ऐका. तिची अंडी ती उकडेल. गोळीचं न फोडलेलं पाकीट तिच्या हातात, उद्या मी समोर बसून. नाही घेतली तर मला सांगायचं, कुटायची नाही. रात्री वहिनींनी तिच्याजवळ झोपायचं नाही, तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपायचं. अंगावर आली तर फोन करा, मग गाडी येईल." मग त्या मशीनकडे वळल्या. "आणि ताई, कात्री इकडे. परवापर्यंत."

"कात्री?" आत्याचा चेहरा पिळवटला. "हिच्या डोक्यात घालायची असती तर ताट कशाला फेकलं असतं?"

"मला पटतंय. तरी दे."

"मला वाटलं होतं तू तरी—" तिनं वाक्य टाकलं आणि कात्री बाईंच्या पायाशी आपटली. वर थुंकली. थुंकी स्वेटरच्या बाहीवर पडली.

बाईंनी कात्री कापडात गुंडाळली. भाऊ जिन्यापर्यंत मागे आला, आता सरळ अरेतुरेवर.

"काही झालं ना, तर मढं तुझ्या दारात आणून टाकीन."

"आणा," बाई म्हणाल्या. "पत्ता दवाखान्यात लिहिलाय."

बोलून गेल्या आणि जिना उतरू लागल्या. आपण बरोबर केलं की दोघींपैकी एकीचा घात केला, ते परवापर्यंत कळणार नव्हतं. आणि परवापर्यंत ही धास्ती कुठं ठेवायची, याची सोय कुठल्याच पिशवीत नव्हती. खालच्या नळावर त्यांनी स्वेटरची बाही खसाखसा धुतली. वरून कोणीतरी खिडकी धाडकन लावली.

दोन गल्ल्या पलीकडे एक म्हातारा राहत होता. रिटायर्ड ड्रायव्हर, एकटा. महिन्याचं इंजेक्शन निमूट घ्यायचा, पण पायाची नखं कापून घेताना आकाशपाताळ एक करायचा.

"उशीर केलास," तो दारातूनच खेकसला. "आणि बाही ओली कशानं?"

"पाऊस पडला."

"या वाऱ्यात? वेडी झालीस काय?"

"पाय पुढे करा, आजोबा," बाई म्हणाल्या, जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि त्याचा मोजा खेचू लागल्या.