एक शब्द नाही काढला पोरीनं

आमच्या मोहल्ल्यात पोरगी बाळंत झाली का बाया लेकराचं मागून विचारत. पहिले विचारत, "ओरडली का वं?"

अन् याचं उत्तर दुसरं कोणी देऊ शकत नव्हतं. ते द्यायची एकच बाई, मोहल्ल्यातल्या बाळंतपणाच्या दवाखान्यातली दाई. ती आमच्यासारखीच कोष्ट्याची, विणकराच्या घरची, मागच्या गल्लीत राहायची, म्हणून सगळ्यांले वाटे का आपल्या हक्काचं माणूस आहे. पाचवीच्या पूजेले तिले बोलवायचं, पाटावर बसवायचं, नवी साडी अन् खण-नारळ देऊन ओटी भरायची, बाळंतिणीनं पाया पडायचं, अन् मग जमलेल्या बायांसमोर ती सांगणार, पोरगी कशी होती. "एक शब्द नाही काढला" म्हटलं का माय धन्य. "दवाखाना डोक्यावर घेतला" म्हटलं का संपलं. मंग त्या पोरीच्या लहान बहिणीचं लग्न जुळवतानाही लोक तेच काढत.

मी हे लहानपणापासून पाहत आली. मले वाटे, आपण नाही ओरडायचं बापा, कसंही करून नाही.

माहं सासर कामठीले, अन् पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी सातव्या महिन्यात नागपूरले आली. आणीबाणी नुकतीच उठली होती. घरात आई-बाबा, दादा, वहिनी अन् वहिनीचं रांगणारं पोरगं. वहिनीले तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेलेले. बाबा अन् दादा हातमागावर बसत. मी आली तशी बाबानं दाईची साडी विणायले घेतली, हिरवी, लाल काठाची. माह्या लेकराचं झबलं कोणी शिवलं नव्हतं, पण दाईची साडी मागावर चढली होती. तेव्हा मले त्यात काही वाटलं नाही.

सकाळी पोटात दुखाले लागलं. आईनं मले रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दाईनं दारातच माह्या गालाले हात लावला, म्हणे, "ये वं माही बाई, घाबरू नको, मी आहो नं." आईले म्हणे, "तू बाहेर बाकड्यावर बस बाई, आत मायचं काम नाही." आई बसली. दार लागलं.

दार लागल्यावर तीच बाई दुसरी झाली.

मी टेबलावर चढून राहिली होती, एका हातानं पोट धरून, तं म्हणे, "चढ लवकर, नवरीवानी काहून करते?" मी पाणी मागितलं. "इथं काय हॉटेल उघडलं का?" कळ आली, मी पाय जवळ घेतले, तशी तिनं मांडीवर सणकन थापड मारली. इतकी मोठी झाल्यावर मले कोणी मारलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही, अन् ही, मले झबल्यात पाह्यलेली बाई. मी म्हटलं, "मावशी, मारू नका नं." तं अजून एक.

मंग मी ओरडली. हो, ओरडली. तिनं माह्याच साडीचा पदर गोळा करून माह्या तोंडात कोंबला, तळहातानं दाबून धरला अन् कानाजवळ येऊन म्हणे, "नवऱ्याजवळ जाताना ओरडली का? तेव्हा गोड लागलं, आता काहून बोंबलते?"

बाजूले नर्स होती. ती हसली. जुना विनोद होता तो, दोघींचा रोजचा. तिनं मान वरही नाही केली, कापूस कापत हसली.

मले नाकानं श्वास पुरत नव्हता. मले वाटलं मी आता मरते, अन् बाहेर आई बसली आहे अन् तिले वाटून राहिलं का पोरगी किती सहन करून राहिली.

लेकरू झालं, पोरगा झाला. मले जरा पडू देतील असं वाटलं. तं दाईनं माहं जुनं लुगडं, जे आईनं बाळाले गुंडाळायले दिलं होतं, ते माह्या अंगावर फेकलं. "उतर. खाली सारं सांडवून ठेवलं, ते कोण पुसन, तुही माय?" मी उतरली. भिंत धरून खाली बसली अन् माहंच रक्त माह्याच लुगड्यानं पुसलं. ती वर उभी राहून पायाच्या अंगठ्यानं दाखवे, "इथं राह्यलं. तिथं राह्यलं."

मंग तिनं पोरगं उचललं, दार उघडलं, अन् बाहेर जाऊन इतक्या गोड आवाजात आईले म्हणे, "पेढे काढ वं बाई. पोरगी गुणाची तुही. एक शब्द नाही काढला."

आई रडली. खुशीनं.

घरी आल्यावर मी आईले सांगितलं. ती बाजेखाली शेगडी सरकवून राहिली होती. मी सगळं सांगितलं, थापड, पदर, फरशी. ती म्हणे, "हळू बोल." मंग म्हणे, "पुसून घेतलं तं काय झालं, आपलंच तं होतं." मी म्हटलं, आई, मले मारलं तिनं. "मार खाल्ल्याशिवाय कोण माय झाली? धंतोलीच्या डॉक्टरणीकडं जाणाऱ्या मोठ्या घरच्या बाया वेगळ्या. आपल्याले तिच्याचजवळ जा लागते. अन् तिनं तुही किती इज्जत ठेवली, ते पाह्य."

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. तिचं पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी, उमरेडले झालं होतं. ती मले हळूच म्हणे, "आमच्या इकडं तं चहा पाजला मले. अंगणात फिरू दिलं." मंग स्वतःच्या पोटाकडं पाह्यलं. दुसरं बाळंतपण सासरी असते आमच्यात. म्हणजे इथंच. याच दवाखान्यात, याच हातात. तेव्हापासून ती मले रोज काही न काही विचारे. पदर कोणता होता, सुती होता का. हात बांधते का. मी सांगे, अन् तिचं तोंड उतरत जाये, अन् तरी ती विचारेच.

पाचवीच्या दुपारी घर बायांनी भरलं. पाट मांडला, रांगोळी काढली, दाई येऊन बसली. बाबाची हिरवी साडी तिच्या मांडीवर. किती छान झाली होती साडी, मी पाहूच नाही शकली. वहिनी हळदी-कुंकवाचं ताट घेऊन बाजूले उभी.

आई म्हणे, "पाया पड."

मी ओटी भरली होती. नारळ ठेवला होता. म्हटलं, "नाही पडत."

आईनं माह्या मानेवर हात ठेवला अन् दाबला. अंगात ताकद कुठची, मी वाकली. डोकं दाईच्या पायापाशी गेलं, अन् तोच अंगठा दिसला, जो मले फरशी दाखवत होता. वरून कोणीतरी विचारलं, "कशी होती वं पोरगी?" अन् दाई म्हणे, "सोनं आहे. एक शब्द नाही काढला."

मी खालूनच बोलली. "तोंडात पदर कोंबला होता इनं. शब्द कुठून निघन?"

आईचा हात मानेवरून निघाला. मी उठून बसली अन् सगळंच सांगून टाकलं, नवऱ्याचं जे म्हटलं तेही, बायांसमोर, तोंड फाडून. मले वाटलं आता कोणी तरी दाईले बोलन.

तं एक काकू हसली. "मले तं चिमटे काढले होते वं. महिनाभर निळे होते." दुसरी म्हणे, "अन् माह्या पोटावर तं कोपर घेऊन चढलीच होती ही, नाही का वं मावशी?" अन् दाईही हसून राहिली, "तू तं मले लाथ मारली होती नं." सगळ्या हसल्या. लग्नातल्या गमती सांगाव्या तसं चाललं होतं. मले इतका राग आला त्या बायांचा, दाईपेक्षाही जास्त आला, खोटं काहून बोलू. मी म्हटलं, "तुम्हाले मारलं तं तुम्ही हसून राहिल्या?"

मंग हसणं थांबलं. काकू म्हणे, "लय शिकली का वं तू? आम्ही काय मेलो का?" दुसरी आईले म्हणे, "कामठीले जाऊन पोरीची जीभ लांब झाली."

दाई उठली. साडी काखेत घातली. ती माह्याकडं पाहतही नव्हती. ती वहिनीकडं पाहून राहिली होती. जवळ गेली, वहिनीच्या पोटावर हात ठेवला, अगदी मायेनं ठेवला, अन् म्हणे, "आता हिचा नंबर. हिची नणंद तं लय बोलकी निंघाली. पाहू, ही किती बोलते." अन् चप्पल घालून गेली.

वहिनीच्या ताटातलं कुंकू सांडलं.

बाया गेल्यावर आई माह्यावर तुटून पडली. तोंड काळं केलं, बाबानं रात्रंदिवस बसून साडी विणली, सगळं मातीत घातलं. मी पोराले पाजत होती. मले खरंच भीती वाटून राहिली होती. माहं झालं होतं, मी सुटली होती. बोलली मी अन् भोगणार वहिनी.

मंग काय झालं, ऐका. आमच्या घरी सून सासूसमोर नवऱ्याशी बोलत नव्हती. काही सांगायचं असलं तं पोराच्या नावानं बोले, "तुह्या बाबाले सांग रे जेवाले बसाले." त्या दिवशी वहिनी सरळ मागापाशी गेली. दादा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून सुताचा धोटा इकडून तिकडं फेकत विणत होता. ती म्हणे, "मले उमरेडले सोडून द्या जी."

दादानं आईकडं पाह्यलं. आई म्हणे, "दुसरं बाळंतपण माहेरी? लोक म्हणतीन, यांच्या घरी सुनेले घालाले डिंकाचा लाडू नाही."

दादा म्हणे, "ही साडी मागावरून उतरली का पाहू."

वहिनीनं ताण्यावर हात ठेवला. पूर्ण पंजा, ताणलेल्या सुतावर. आमच्या घरी चालत्या मागाले असा हात कोणी लावत नाही, लहान पोरंही नाही. धोटा अर्ध्यात अडकला. ती म्हणे, "साडी मंग उतरवा. पहिले मले सोडा."

"हात काढ, सूत तुटन."

"तुटू द्या."

काही धागे तुटलेच. दादा तिच्या हाताकडं पाहत राह्यला. मंग खड्ड्यातून वर आला, पाय झटकले, खुंटीवरचा सदरा घातला. आई म्हणे, "काहून गा, बायकोचं ऐकून राहिला तू?" तो म्हणे, "सूत तोडून राहिली ती, आई. काय करू?"

संध्याकाळच्या एसटीनं दोघं पोराले घेऊन गेले. आई माह्याशी बोललीच नाही. सव्वा महिना व्हायच्या पहिलेच तिनं मले कामठीले पोचवून दिलं, अन् तुटलेले धागे बाबा जोडत बसले.

वहिनीले उमरेडले पोरगी झाली. चांगली, गुबगुबीत. तिथं ती पोटभर ओरडली म्हणे, अन् कोणी काही म्हटलं नाही. दाईले कळलं तशी तिनं मोहल्ल्यात सांगितलं, "माह्या हातावर झालं असतं तं पोरगा झाला असता. त्या बोलकीले विचारा, तिले माह्याच हातानं झाला नं?"

लोकांनी ते खरं मानलं. आईनंही मानलं. अजूनही मी माहेरी गेली, अन् वहिनीची पोरगी अंगणात खेळत असली, का आई माह्या पोराले मांडीवर घेते अन् पोरीकडं पाहून म्हणते, "तुह्या आत्याच्या जिभेनं खाल्लं वं तुह्या जागी येणाऱ्या भावाले." वहिनी आत पोळ्या लाटत असते. ती लाटणं खाली ठेवते, बाहेर येते, पोरीले उचलून आत नेते.