टबाच्या मोटरीचे चार दिवस

माझी थोरली बहीण संधिवातानं बेजार आहे. सकाळी उठते तेव्हा तिच्या दोन्ही मुठी वळलेल्याच असतात, बोटं सरळ होत नाहीत. दाजींनी नांदेडकडच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून गरम पाण्याचा टब आणून हिंगोलीच्या घरी न्हाणीमागं बसवला होता. पंप चालू केला की पाणी जोरानं फिरायचं आणि अर्ध्या तासात ताईची बोटं उघडायची. मग ती स्वतः भाकरी मोडून खायची. सून गुणी आहे, पण तिनं घास भरवलेला ताईला खपत नव्हता. बादलीतलं गरम पाणी, शेक, सगळं करून झालं होतं. त्यानं मूठ सुटत नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात त्या पंपाची मोटर जळाली. दाजींनी ती पोत्यात घालून माझ्याकडं आणली. कनेरगाव नाक्याजवळ माझं दुकान आहे. पंचवीस वर्षं मी विहिरीच्या, बोअरच्या मोटरी भरतोय, म्हणजे जळकी तांब्याची तार काढून नवी गुंडाळतोय. टबाची मोटर मी जन्मात पाहिली नव्हती, तरी ऐटीत म्हणालो, "दाजी, ठेवून जा. मोटर ती मोटरच."

मोटरीत पाणी शिरू नये म्हणून दांड्यावर एक सील असतं, तेही फुटलं होतं. तिथून माझी वणवण सुरू झाली. हिंगोलीतल्या दुकानदारानं ते तुकडे उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "ये किसका है?" टबाचं आहे म्हटल्यावर म्हणाला, "भैंस नहलाते क्या उसमें?" सगळे हसले. मीही हसलो, पण आतून पेटलो होतो. वाशीममध्ये नाही, नांदेडात नाही. कंपनीला फोन लावला तर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, ते मॉडेल बंद झालंय." सुटा भाग मिळत नाही आणि नवा पंप या टबाच्या नळ्यांना बसत नाही. शेवटी अकोल्यात एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या खणात थोडं मोठं सील सापडलं. दांडा जाड व्हावा म्हणून त्यावर पितळी बुश, म्हणजे नळीसारखं कडं, चढवून मी ते बसवलं. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हे कबूल करतो.

मग मोटर भरायला घेतली. जुन्या तारेचे वेढे मोजले, आकडा खडूनं भिंतीवर लिहिला. पण आमच्याकडं शेतातली लाइट नेहमी कमी दाबानं येते. त्या लाइटीवर मोटर उठावी म्हणून आम्ही वेढे थोडे कमीच घालतो. शेतकरी तेच मागतात, न घातले तर शिव्या देतात. माझे हात इतकी वर्षं तेच करत आलेत. भिंतीवरचा आकडा समोर असून हातांनी सवयीनं वेढे कमीच घातले. दुकानात मोटर लावून पाहिली तर मस्त चालली. चालणारच, दुपारी नाक्यावर लाइटीला दाब कुठं असतो!

ताईच्या घरी मात्र लाइट भरपूर दाबाची. चार दिवस टब चालला. तिसऱ्या दिवशी तिनं फोन करून सांगितलं, "आज म्या मिरची तोडली हातानं. तुझी मोटर झकास चालून राहिली." पाचव्या दिवशी, ती टबात उतरायच्या आधीच, मोटरीतून धूर निघाला. भरपूर दाबाच्या लाइटीवर कमी वेढ्यांची मोटर तापत जाते आणि जळते. मी पोहोचलो तेव्हा पंपाचा प्लास्टिकचा डबा उष्णतेनं वाकडा झाला होता. तो डबा कुठंच मिळणार नव्हता. मला रडू आलं, रागही आला आणि तो सगळा माझ्यावरच होता.

महिनाभर मी तिकडं फिरकलो नाही. गेलो तेव्हा सून तिला वरण-भात भरवत होती आणि ताई भिंतीकडं बघून गिळत होती. सून आत गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. वेढे कमी घातले, सवयीनं घातले, चूक माझी.

ती वळलेली मूठ पदरात लपवत म्हणाली, "काहून सांगितलंस रे? मी रोज त्या कंपनीवाल्याइला शिव्या देऊ देऊ दिवस काढून राहिले होते. आता कोणाला देऊ?"

"मला दे," मी म्हणालो.

"तुला न्हाई देता येत," ती म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.