पाकिटातली केबल

"उष्टं सामान मला दाखवूसुद्धा नका!"

हे मिस्त्रींचं वाक्य. एका गाडीचा भाग काढून दुसरीला लावणं म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्याने चावलेला घास उचलून आपल्या तोंडात घालणं. बोलताना नाक असं काही आक्रसायचं, की गल्लीने त्यांचं नाव नाकमुरडे मिस्त्री ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आतून थोडं आवडतही होतं.

लेक शाळेत असताना मिस्त्रींनी तिला मातीत पळवायची एक लहान डर्ट बाइक घेऊन दिली होती. वर्ष सरायच्या आत तिचं इंजिन जाम झालं. "अस्सल सामान मिळालं की करू," मिस्त्री म्हणाले. कंपनीनं ते मॉडेलच बंद केलं. मिस्त्रींनी दुकानं पालथी घातली, तेव्हा रेसची, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची, एक केबल तेवढी सापडली, कोरी, पाकिटबंद. ती त्यांनी खणात जपून ठेवली. गाडी शेडमागे गंजत राहिली. लेकीचे पाय लांब झाले आणि तिनं विचारणं सोडून दिलं.

आता ती लेक भंगाराच्या वखारीत वजनकाट्यावर कामाला होती आणि तिची मुलगी चिमणी त्या गाडीच्या मापाची झाली होती. एका सुट्टीच्या दिवशी लेकीनं गाडी ओढत शेडमध्ये आणली. सोबत पोतंभर भंगार.

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटला होता. लेंड्या, कुरतडलेला फोम आणि तळाशी एक वाळून चपटं झालेलं पिल्लू. टाकीतलं पेट्रोल कुजून डिंकासारखं झालेलं. सीट दाबली की काळं पाणी ओघळायचं. मिस्त्री नाकाला रुमाल लावून स्टुलावर बसले. उठून गेले मात्र नाहीत.

"हे इंजिन कुणाचं?"

"एका मोपेडचं."

"आणि हँडल?"

"मोठ्या गाडीचं. चिमणी उंचीला तुमच्यावर गेलीय, बाबा. तिला उंच हँडलच हवं."

"ही केबल? हिला कुणाचे केस गुंडाळलेत?"

"केस नाहीत हो, सुतळी आहे. ती पण मोपेडचीच."

"शी! गाडी आहे की खरकट्याची बादली?"

"आजोबा, बादलीला चाकं असतात का?" चिमणीनं विचारलं.

"तू गप बस! आईचीच जीभ घेऊन आलीस."

अशीच बोलणी खात, वखारीतून सुटल्यावर रोज थोडं थोडं करत लेकीनं गाडी उभी केली. एका संध्याकाळी किक मारली, आणि खोकत खोकत ती चालू झाली. शेडमागच्या मोकळ्या रानात चिमणीनं दोन्ही अंगांनी वळवून, गोल गोल फिरवून पाहिली. इंजिनाचा आवाज साफ होता. मिस्त्रींना त्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या सकाळी दोघी बाहेर गेल्या तसे ते शेडमध्ये शिरले. निदान एक तरी भाग स्वच्छ असू दे, म्हणून त्यांनी खणातलं पाकीट फोडलं. जुनी केबल मेलेल्या उंदरासारखी चिमट्यात धरून भंगाराच्या ढिगावर भिरकावली. नवी लावली. तिच्यावरून बोट फिरवलं तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. कुणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी चिमणी गाडीवर बसली. सरळ गेली तोवर ठीक. बांधापाशी तिनं हँडल डावीकडे वळवलं, आणि इंजिन आपोआप किंचाळलं. गाडी उसळली, चिमणी चिखलात आणि गाडी तिच्या पायावर. लेकीनं धावत जाऊन आधी इंजिन बंद केलं. चिमणीचा गुडघा सोलवटला होता, ओठातून रक्त येत होतं.

लेकीनं चिमणीला उचलून बांधावर बसवलं. "तुमचंच खरं, बाबा. भंगार ते भंगारच. उद्या वखारीत परत टाकते."

"आई, नको ना!" चिमणी पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

मिस्त्री जिंकले होते. नुसतं गप्प बसायचं होतं. त्यांनी गाडी उभी केली, हँडल डावीकडे वळवलं. त्यांची कोरी केबल ताणून ताठ झाली. आखूड. मूळच्या बुटक्या हँडलच्या मापाची. वळणावर तीच रेस ओढत होती. त्यांना ओकारी येईल असं वाटलं, आणि या खेपेला उंदराचा काही संबंध नव्हता.

"केबल मी बदलली. सकाळी."

"कुठली लावलीत?"

"पाकिटातली."

लेकीनं ताणलेल्या केबलवर बोट ठेवलं. "ती माझ्या मापाची होती, बाबा."

मिस्त्री शेडमध्ये गेले. ढिगात कोपरापर्यंत हात घातला. ओला फोम, लेंड्या, काळं तेल. त्यातून ती सुतळी गुंडाळलेली केबल ओढून काढली. जोडताना दोन्ही हात अडकले, म्हणून तिचं बुळबुळीत टोक त्यांना दातांत धरावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं. इंजिन चालू ठेवून त्यांनी हँडल डावीकडे, उजवीकडे, पार टोकापर्यंत फिरवलं. आवाज हलला नाही.

"पाणी घ्या, बाबा. चूळ भरा."

"सामान उष्टंच आहे!" ते थुंकून म्हणाले. "मी चांगलं म्हटलेलं नाही."

तांब्या न घेताच ते निघाले. दर दोन पावलांना थुंकत, काळे हात अंगापासून लांब धरून. लेक तांब्या घेऊन तशीच उभी होती. चिमणी, ओठ सुजलेला, सीटवर चढून बसली होती आणि आजोबा कोपऱ्याआड जाईपर्यंत किकवर पाय ठेवून बघत होती.