केराबाईचे वकील

हमीदसाहेबांकडं पक्षकार आला, की ते आधी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेत आणि बराच वेळ सोडत नसत. त्यानं कागद पुढं केला तर म्हणत, "कागज राहू दे. कागज काय पळून जातो? आधी तू बोल." निजामाच्या राजवटीत धाराशिवच्या अदालतीचं काम उर्दूत चाले. साहेबांचं उर्दू ऐकायला इतर वकील आपली कामं टाकून येत. पण पक्षकाराशी ते त्याच्याच बोलीत बोलत. मी तेव्हा नवा वकील होतो, त्यांच्या हाताखाली शिकत होतो.

एकदा मुरूमचा महादू नावाचा शेतकरी आपल्या बायकोला, केराबाईला, घेऊन आला. केराबाई आणि तिची धाकटी बहीण तिथल्या एका जिनात, कापसाच्या कारखान्यात, कामाला जात. यंत्राच्या पट्ट्यावरची जाळी तुटली होती. बायकांनी दोनदा सांगूनही मालकानं ती बसवली नाही. एके दिवशी बहिणीचा पदर पट्ट्यात सापडला. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या केराबाईच्या डोळ्यांदेखत ती गेली. तेव्हापासून केराबाईचं बोलणं जवळजवळ तुटलं. कुठं घरघर ऐकू आली, की ती थरथरू लागे. साहेबांनी तिच्या वतीनं मालकावर भरपाईचा दावा लावला.

मालकाचा वकील अदालतीत हसला. "हिला तर खरचटलंसुद्धा नाही. हरजाना कशाचा?" मग त्यानं मागणी केली, की बाईला जिनात नेऊन यंत्र सुरू करावं, सोंग असेल तर तिथंच कळेल.

मी साहेबांच्या कानाशी लागलो, "हो म्हणा. ती थरथरेल, आपण जिंकू."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की माझी मान खाली गेली. मुन्सिफांना, म्हणजे न्यायाधीशांना, ते म्हणाले, "दावा गेला तरी चालेल. बाई त्या दारात पाऊल ठेवणार नाही."

मुन्सिफांनी दुसरा पुरावा आणायला सांगितलं. तो आमच्याकडं नव्हता. बाहेर लिंबाखाली महादू निरोप घ्यायला आला, तेव्हा साहेबांनी नेहमीप्रमाणं त्याचा हात धरला आणि तळहात उलटून पाहिला.

"हे फोड कशाचे?"

"नांगराचे."

"पेरण्या होऊन महिना झाला, महादू."

महादूनं हात सोडवून घेतला. खाली बघत म्हणाला, "जात्याचे. तिला जात्याची घरघर सोसत न्हाय. म्हून म्या जातं रानातल्या कोठ्यात नेलंय. दार लावून दळतो. गावाला म्हाईत न्हाय, साहेब. कळलं तर तोंड दावायला जागा न्हाय."

"हे तिथं आत सांगशील? जबरदस्ती न्हाय."

महादूनं डोक्याचा पटका सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाला, "सांगतो."

पुढच्या तारखेला त्यानं सांगितलं. मागं बसलेली माणसं फिसकन हसली. त्यांत मुरूमचेही दोघं होते. महादूचे कान लाल झाले, पण आवाज खाली आला नाही. "आठ म्हैने झालं म्या दळतो. बाईल सोंग करत असती, तर ह्या गड्याला कळलं नसतं?" मुन्सिफांनी टेबलावर हात आपटला आणि हसणं थांबवलं.

आम्ही जिंकलो. हमीदसाहेब पुढं दोन-तीन वर्षांतच छातीच्या दुखण्यानं गेले. आज त्यांची आठवण निघाली, की त्या निकालाच्या दिवशीचे ते दिसतात. महादूनं विचारलं होतं, "आता ही बरी व्हईल का, साहेब?"

"ते अदालतीच्या हातात न्हाय," साहेब म्हणाले.

तेवढ्यात केराबाईनं साहेबांच्या हातातल्या निकालाच्या कागदाकडं बोट केलं. खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "म्या सोंग करत न्हवते, असं लिवलंय का त्यात?"

"व्हय, बाई. लिहिलंय."

"कुठं?"

साहेब तिच्याशेजारी अदालतीच्या पायरीवर बसले. उर्दूतल्या त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती आधी उर्दूत वाचली, मग मराठीत सांगितली. ती म्हणाली, "अजून एकदा."

साहेबांनी पुन्हा वाचली.