काळं पिल्लू, तांबूस कुत्रा

मुलांनो, अंबाजोगाईत आपल्या गल्लीच्या तोंडाशी पपईवाले चाचा बसतात. गेल्या वर्षी त्यांचं काळंभोर पिल्लू हरवलं. तेव्हापासून दिसेल त्या काळ्या कुत्र्याला ते शीळ घालायचे.

परवा त्यांच्या गाड्याखाली एक तांबूस कुत्रा येऊन बसला.

"बाई, वाढताना पिल्लाचा रंग बदलतो म्हनं," सुरी पुसत ते म्हणाले. "आन् म्या वरीसभर काळंच हुडकत बसलो!"

"बदलतो. पण इतका?" मी विचारलं.

त्यांनी कुत्र्याचा कान उलटला. मागे थोडे काळे केस होते. मग पपईची फोड दिली, ती त्याने मटकावली.

"आमचं बी खायचं."

"भुकेला कुत्रा काहीही खातो, चाचा."

"खरंय. पर त्यो न्हाई निघाला तर काय करू? हाकलू?"

चाचांनी दुसरी फोड कापली.