गाडगी मोंबासाला का गेली नाहीत

खोक्यांवर पत्ते चिकटवून झाले होते. इनव्हॉइसच्या सहा प्रती टाईप होऊन फायलीत लागल्या होत्या. चार दिवसांनी ट्रक मुंबईच्या बंदराकडे निघायचा होता. तेव्हा बेबीताई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि तिने विचारले, "बाई, हे गाडगे जिथं चालले, तिथं समुद्र आहे काय?"

"आहे ना. बंदरच आहे ते. का?"

"मंग नाई होणार ते थंडे," ती म्हणाली आणि पदराने हाताची माती पुसू लागली.

ऋचा, तू मागच्या रविवारी फोनवर सांगितलेस की तुला कॉलेजात एक प्रोजेक्ट आहे : आफ्रिकेतल्या नव्या बाजारपेठांत मधुमेहाची उपकरणे निर्यात करण्याच्या संधी. मागून ईशान म्हणाला, आजीला काय विचारतेस त्यातलं. तेही मला ऐकू आले. म्हणून हे लिहिते आहे. ईशाननेही वाचावे.

मी वर्ध्याच्या एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात नोकरी केली हे तुम्हाला माहीत आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, मागे भट्टी आणि पुढे माझे टेबल. मुख्य काम दवाखान्यांना लागणाऱ्या पट्ट्यांचे आणि गॉजचे. मालक मधुभाऊ, हिंगणघाटच्या सरकीच्या व्यापाऱ्यांच्या घरातले. तुमच्या आजोबांचे शाळासोबती, म्हणून मला वहिनी म्हणत. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, इंग्रजी शाळेत शिकलेली. त्यामुळे परदेशी पत्रव्यवहार, कागदपत्रे आणि मालाची तपासणी ही तिन्ही कामे माझ्याकडे आली.

गाडग्यांची सुरुवात व्यापारातून झाली नाही. मधुभाऊंच्या मुलीला, वैशालीला, बाराव्या वर्षी मधुमेह झाला. लहान मुलांना होतो तो प्रकार. त्यात रोज इन्सुलिनची इंजेक्शने घ्यावी लागतात, त्याला पर्याय नसतो. इन्सुलिन उष्णतेने बिघडते. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्येच हव्यात. वापरात असलेली बाटली बाहेर चालते, पण आपल्याकडच्या मे महिन्यात नाही. आणि दोन हजार पाचच्या आसपास आपल्याकडे लोडशेडिंग होते, म्हणजे रोज ठरलेल्या तासांना वीज जायची. उन्हाळ्यात हे तास वाढत.

अशा एका मे महिन्यात वैशालीची साखर कशानेच उतरेना. इंजेक्शन वेळेवर, खाणे मोजून. शेवटी डॉक्टरांनी विचारले, बाटली कुठे ठेवता? फ्रिजमध्ये, मधुभाऊ म्हणाले. पण फ्रिज निम्मा दिवस नुसते कपाट होता. औषधाचा जोर गेला होता आणि दिसायला ते तसेच होते. वैशाली आठवडाभर दवाखान्यात होती.

तिथून परत आल्यावर मधुभाऊ बेबीताईकडे गेले. बेबीताई मूळची कारंजा घाडगेकडची, कुंभाराची लेक आणि कुंभाराची सून. दर उन्हाळ्यात ती आमच्या शेडसमोर माठ विकायला बसे. तिने त्यांना दोन गाडगी करून दिली, एकात एक बसणारी. मधल्या फटीत रेती भरायची, रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचे, वर ओले फडके. पाणी बाहेरच्या गाडग्यातून झिरपते आणि वाळते. वाळताना ते आतली उष्णता घेऊन जाते. माठाचेच तत्त्व. आतल्या गाडग्यात प्लॅस्टिकच्या डबीत इन्सुलिनची बाटली ठेवायची. बाहेर चव्वेचाळीस अंश असताना आत सव्वीस-सत्तावीस भरले. मी स्वतः मोजले.

मग एकाने मागितले, मग दुसऱ्याने. डॉक्टर सुचवू लागले. बेबीताईसाठी शेडमागे भट्टी बांधली आणि तिच्या हाताखाली पाच बायका आल्या. नागपूरला निर्यातीवर एक सेमिनार झाला, त्यात पाहुण्यांनी आफ्रिकेच्या नकाशावर छडी फिरवली आणि सांगितले की इथे उष्णता आहे, वीज नाही आणि मधुमेह वाढतो आहे. मधुभाऊ परत येताना गाडीत म्हणाले, "वहिनी, हे तर आपलंच वर्णन करून राह्यले होते."

मी पत्रक लिहिले. इंग्रजीत, जाड अक्षरात : 'फिफ्टीन डिग्रीज कूलर'. ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोंबासातल्या एका फार्मसीच्या मालकीणबाईंच्या, मिसेस जुमांच्या हाती पडले. त्यांनी सॅम्पल मागवले. सॅम्पल पोहोचले ते फुटून. त्यांनी तसे कळवले, वर पत्रक वाचून बाराशे नगांची ऑर्डर दिली आणि लिहिले की कृपया पॅकिंग सुधारा.

झाले. आम्ही पुढचे तीन महिने पॅकिंग सुधारत होतो. तणस भरले तर बंदरावरचा एजंट म्हणाला, परदेशात वाळके गवत चालत नाही, त्यातून कीड जाते. मग रद्दी कागदाच्या पट्ट्या. मग खोकी शेडच्या माळ्यावरून खाली टाकून पाहिली. शेवटी एकही गाडगे फुटेना तेव्हा मधुभाऊंनी सगळ्यांना पेढे दिले. पावसाळ्यात कुंभाराला काम नसते. त्या वर्षी भट्टी ऑगस्टपर्यंत चालू राहिली.

आणि आता बेबीताई म्हणत होती, नाही होणार थंड.

मी तिला बसायला सांगितले. ती खाली बसली.

"माह्या भाचीले पनवेलकडं देल्ली," ती म्हणाली. "तिले इथून माठ नेऊन देल्ला. तर ते म्हणे, मावशी, पाणी थंडंच होत नाई. म्या म्हटलं, पोरी, तुले माठ धुताच येत नाई. मंग तिच्या बाळंतपणाले मी सोता गेलती. सोता धुतला, सोता भरला. नाईच होत थंडा. तिकडं वारा ओला असते नं बाई. आपल्याइथंबी आषाढात माठ कोण घेते?"

हे सांगून ती भट्टीकडे निघून गेली. यापुढची गाडगी मागवली जायची की नाही हे या ऑर्डरवर होते, आणि तीही सगळी तिच्याच हातची होणार होती, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते.

त्या संध्याकाळी मी एक संच आमच्या बोरगाव मेघेच्या घरी नेला आणि व्हरांड्यात ठेवला. रेती भिजवली, आत एक थर्मामीटर, बाहेर एक. सकाळी बाहेर तीस, आत अठ्ठावीस. दुपारी एकतीस आणि एकोणतीस. दुसऱ्या दिवशी पावसाची झड लागली आणि दोन्हींत एका अंशाचाही फरक राहिला नाही.

हवेत आधीच ओल असेल तर पाणी वाळत नाही, आणि पाणी वाळले नाही तर गाडगे थंड होत नाही. हे मी बी.एस्सी.ला शिकले होते, परीक्षेत लिहिले होते आणि त्याचे मार्कही घेतले होते.

मग मी तपासणीची नोंदवही काढली. तिचा मला अभिमान होता. लाल-निळ्या रेघा, तारीख, वेळ, बाहेरचे तापमान, आतले तापमान, सही. एकही रकाना रिकामा नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा फक्त तारखा वाचल्या. मार्चच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तिन्ही वर्षांच्या. त्यापुढे एकही नाही, कारण पाऊस सुरू झाला की गाडग्यांची मागणी थांबे आणि मी वही मिटून ठेवी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मधुभाऊंसमोर वही ठेवली आणि सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. वैशाली तेव्हा ज्युनिअर कॉलेजात होती, सुटीच्या दिवशी पत्रकांच्या घड्या घालायला येई. ती बाजूच्या टेबलावर तेच करत होती.

"वहिनी, ट्रक उद्या आहे," मधुभाऊ म्हणाले. "एल.सी.ची तारीख पुढच्या शनिवारची."

एल.सी. म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेने दिलेली हमी. ठरलेल्या तारखेच्या आत माल जहाजावर चढला आणि कागद बरोबर असले की पैसे नक्की. माल तिथे कसा चालतो हे बँक पाहत नाही.

"माहीत आहे," मी म्हटले. "कागद सगळे बरोबर आहेत."

"थोडा तर थंडा होईलच नं? एक-दोन अंश?"

"पत्रकात पंधरा लिहिलेत. पंधरा वाचून कोणी दोन महिन्यांच्या बाटल्या त्यात ठेवल्या तर?"

ते थोडे चिडले. "आफ्रिका काय थंडी आहे? गरमच नं? तीन वर्षं झाली, एक तक्रार नाई. बाहेरचं कशाले, माही पोरगी याच्यावर आहे. तिलेच विचारा." आणि त्यांनी हाक मारली, "वैशू, सांग बेटा काकूले. गाडग्यात कधी बाटली खराब झाली तुही?"

"नाही, बाबा."

"पाहा."

"पण पावसाळ्यात मी गाडग्यात ठेवतच नाही," वैशाली घडी घालता घालता म्हणाली. "पावसाळ्यात लाइट राहते. फ्रिजमध्ये ठेवते. आत्तापण फ्रिजमध्येच आहे."

बाहेर पत्र्यावरून पाणी गळत होते. आमच्याकडे ज्या महिन्यांत गाडगे चालत नाही, नेमक्या त्याच महिन्यांत फ्रिज चालतो. म्हणून तीन वर्षांत कोणाच्याच लक्षात आले नाही, ना तिच्या, ना त्यांच्या, ना माझ्या. मोंबासाला मात्र बारा महिने समुद्र होता.

वैशालीने हातातले पत्रक खाली ठेवले. तिला काय समजले ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तिने विचारले, "बाबा, तिथल्या पोरींजवळ फ्रिज आहे का?"

मधुभाऊंनी एक पत्रक उचलले आणि बराच वेळ पाहिले. मग मला विचारले, "हे फिफ्टीन कोणी लिहिलं?"

"मी."

"मंग आता पत्रही तुम्हीच लिहा. मी सही करतो."

मी फॅक्स लिहिला. पहिल्या मसुद्यात चार कारणे होती. ती सगळी खोडली. शेवटी एवढेच राहिले की आमच्या सगळ्या चाचण्या कोरड्या हवेतल्या आहेत, तुमच्या शहरात हे उपकरण इन्सुलिन थंड ठेवणार नाही, आम्ही माल पाठवत नाही, चूक आमची आहे. ट्रकवाल्याला नको म्हणून फोन केला. बाराशे संचांची खोकी शेडमध्ये छतापर्यंत रचलेली होती आणि त्यांना वळसा घालून मला टेबलापर्यंत जावे लागे.

उत्तर यायला पाच दिवस लागले. मधुभाऊ त्या दिवसांत फॅक्सच्या मशिनकडे बघत नसत. मिसेस जुमांनी लिहिले होते की त्यांच्याकडे धुतलेले कपडे दोन-दोन दिवस दोरीवर ओले राहतात, त्यामुळे पत्रक वाचताना त्यांच्याही लक्षात यायला हवे होते. ऑर्डर रद्द. मग खाली आणखी एक परिच्छेद होता. त्यांचा धाकटा भाऊ देशाच्या उत्तरेकडे, कोरड्या मुलखात, एका सरकारी दवाखान्यात काम करतो. तिथे कपडे अर्ध्या तासात वाळतात. त्याच्यासाठी सहा संच पाठवा. आधी मोजून पाहू.

सहा गेले. सहाही न फुटता पोहोचले, पॅकिंग तेवढे आमचे खरोखर चांगले होते. त्या भावाने दोन महिने रोज मोजून आकडे पाठवले. बाहेर सदतीस, आत पंचवीस. बाहेर छत्तीस, आत चोवीस. मग त्याने चारशे मागवले. पुढे शेजारच्या दोन दवाखान्यांनी थोडे थोडे. बाराशेच्या जवळपास आम्ही पुन्हा कधी पोहोचलो नाही, पण ती मागणी मी निवृत्त होईपर्यंत येत राहिली. उरलेल्यांपैकी बरीचशी पुढच्या उन्हाळ्यात हिंगणघाटच्या पानठेल्यांवर गेली. त्यांत विड्याची पाने छान टिकतात.

पत्रक मी नव्याने लिहिले. पंधरा काढून टाकले. पहिलीच ओळ अशी केली : एक ओला रुमाल सावलीत टांगा, अर्ध्या तासात वाळला नाही, तर हे उपकरण तुमच्यासाठी नाही. ही युक्ती मिसेस जुमांच्या दोरीवरच्या कपड्यांची. मधुभाऊंनी वाचले आणि म्हणाले, "वहिनी, आपण गिऱ्हाइकाले घेऊ नका म्हणून सांगून राह्यलो काय?" मी हो म्हटले. त्यांनी ते छापायला दिले. वैशालीने त्याच्या घड्या घातल्या.

बेबीताईला रद्द झालेल्या ऑर्डरचे सांगायला मी स्वतः भट्टीवर गेले होते. मला वाटले ती खट्टू होईल. ती चाकावरून हात न काढता म्हणाली, "मले चैतात विचारलं असतं, तर चैतातच सांगितलं असतं."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही वहीत लिहून राह्यल्या होत्या नं," ती म्हणाली. "मले वाटलं, बाईले माहीत असन."

तर ऋचा, तुझ्या प्रोजेक्टमध्ये बाजारपेठेचा आकार, वाढीचा दर वगैरे अवश्य लिही. ते रकाने मीही भरले असते. पण उपकरण जो कोणी हाताने बनवतो, त्याला शोधून एक प्रश्न विचार : हे कधी चालत नाही? त्यानंतर मी प्रत्येक मालाच्या तपासणीत हा प्रश्न आधी विचारत गेले. उत्तर दरवेळी तयार असे. फक्त कोणी विचारलेले नसे.