चाक लटकत असताना आवळलेला बोल्ट

एकाहत्तरची लढाई संपून तीन वर्षं झाली होती. मी नाईक होतो, युनिटचा व्हेईकल मेकॅनिक. पोस्टिंग बेळगावला होती. युद्धसरावासाठी कॉन्व्हॉय पुण्याकडे निघाला, तेव्हा मी सगळ्यात मागच्या रिकव्हरी ट्रकमध्ये होतो. मेकॅनिकची जागा कायम शेवटी. पुढच्यांची धूळ खायची आणि त्यांनी मोडलेलं जोडायचं.

सकाळी साडेनऊला कागलजवळ कॅप्टनसाहेबांची जीप मोरीच्या दगडावर आदळली. ड्रायव्हर सिपाही भीमा गावडे, चंदगडचा. समोरून येणाऱ्या ट्रकनं त्याला रस्त्याखाली दाबलं होतं, त्याची चूक नव्हती. पुढच्या डाव्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्याचा ब्रॅकेट वाकला आणि त्यात दाबून बसवलेले रबरी बुश फाटले. नवे बुश माझ्याकडे होते, पण ते बसवायला मोठा व्हाईस, म्हणजे शिकंजा, नव्हता. मी कुरुंदवाडचा, कोल्हापूर पायाखालचं. जीप ओढून मंगळवार पेठेत दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजवर आणली.

मिस्त्रींनी ब्रॅकेट तापवून सरळ केला. व्हाईसमध्ये पाइपचा तुकडा लावून जुने बुश बाहेर ढकलले, नवे साबणाच्या पाण्यावर दाबून बसवले. तेल लावू दिलं नाही, तेलानं रबर फुगतं. ब्रॅकेट चढवला आणि मी बोल्ट आवळायला पाना उचलला. जीप जॅकवर होती, चाक लटकत होतं.

"पावणं, आत्ता आवळू नगा," मिस्त्री म्हणाले. "गाडी चाकावर उतरवा, वजन बसू द्या, मग आवळा. लटकत आवळलासा तर रबर पिळवटतंय. चार दिसांत फाटंल की!"

हे मला ट्रेनिंगमध्येही शिकवलं होतं. कॅप्टनसाहेब घड्याळ बघत होते.

"अजून किती वेळ?"

"दहा मिनिटं, सर. गाडी खाली घेऊन मग—"

"नो. टाइटन इट. मूव्ह."

"येस सर," म्हणालो आणि आवळला. जॉबकार्डवर लिहिलं, बुश बदलले, गाडी फिट. खाली माझी सही. मिस्त्रींनी हात पुसले आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

चौथ्या दिवशी भीमा कॅम्पमध्ये आला. "उस्ताद, ब्रेक मारला की गाडी डावीकडं वढतीया. जरा बघता काय?"

मी वाकून बघितलं. रबर कडेनं उलू लागलं होतं. बुश खोलला असता तर का फाटला हे विचारलं गेलं असतं, आणि सही माझी होती. "बेळगावला गेल्यावर बघू," म्हणालो. त्या पोरानं मान डोलावली. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता, हे मला आजही डाचतं.

अकराव्या दिवशी परतताना घाट उतरत होतो. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. आमच्या वायरलेस सेटवर आवाज आला.

"रिकव्हरी, धिस इज वन. जीप दरीत. ड्रायव्हर एकटाच होता. जल्दी पोहोचो. ओव्हर."

जीप वर ओढायला मीच उतरलो. भीमा संपला होता. ब्रॅकेटमध्ये रबराच्या चिंध्या होत्या. ब्रेक मारल्यावर चाक मागं सरकलं होतं आणि गाडी डावीकडे ओढली गेली होती. डावीकडेच दरी होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला दोनच प्रश्न विचारले.

"बुश नवे होते?"

"येस सर."

"नीट बसवले होते?"

कॅप्टनसाहेब समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बघायची गरज नव्हती.

"येस सर."

निकाल लागला, ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि या वेळी चोर मी होतो.

पेन्शनवर आल्यावर पहिल्याच महिन्यात एसटीनं चंदगडला गेलो. भीमाचे वडील अंगणात काजू वाळत घालत होते. त्यांना सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं हातातले काजू पसरले.

"गाव म्हनतंय, भीमा दारू पिऊन चालवत हुता," तो म्हणाला. "आता मला सांगून काय उपेग? गावाला सांगा."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमवली. मी सगळं लिहून काढलं, खाली नंबर, रँक, नाव घातलं आणि उभं राहून वाचलं.

मागून एकानं विचारलं, "मग तुमास्नी काय शिक्षा झाली?"

"त्याच वर्षी मला हवालदार केलं."

कुणी शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. भीमाच्या वडिलांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि गावाकडे तोंड केलं.

"माझा भीमा गाडी नीट चालवत हुता. आयकलं न्हवं समद्यांनी?"